तीन रविवारांचा युद्धविराम

गेल्या हिवाळ्यात आमच्या राज्यशास्त्र अभ्यास मंडळाने एक वादसभा घेतली. विषय होता, 'रोगनिवारण हा शांततेचा मार्ग होय.' मी अनुकूल बाजूने बोललो. टाळ्याही मिळाल्या. परंतु शेवटी आमच्या सरांनी एकच प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. तो प्रश्न आणि त्याचे मला मागाहून सुचलेले उत्तर वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

माझा सारा भर एल साल्वादोरच्या उदाहरणावर होता. मध्य अमेरिकेतील हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याएवढा. १९८० पासून तेथे सरकार आणि डावे बंडखोर यांच्यात यादवी पेटली होती. युनिसेफचे तेव्हाचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी अध्यक्ष दुआर्ते यांच्यापुढे साधा हिशेब मांडला: लढाईत मरणाऱ्यांपेक्षा गोवर, धनुर्वात, डांग्या खोकला अशा टाळता येण्याजोग्या रोगांनी मरणारी बालके अधिक आहेत. कॅथलिक चर्चने बंडखोरांशी मध्यस्थी केली. लसीच्या तीन मात्रांसाठी तीन दिवस ठरले: १९८५ मधील ३ फेब्रुवारी, ३ मार्च आणि २१ एप्रिल. तिन्ही रविवार. त्या दिवशी बंदुका थांबल्या आणि सुमारे अडीच लाख मुलांपर्यंत लस पोहोचली. पुढे दरवर्षी असे दिवस पाळले गेले. १६ जानेवारी १९९२ रोजी शांतता करार झाला.

दुसरे उदाहरण सुदानचे. १९९५ साली जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने तेथील यादवी काही महिने थांबली, तीही नारूच्या निर्मूलनासाठी. नारू म्हणजे काय हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. पाणी गाळण्याची फडकी गावोगाव पोहोचावीत म्हणून युद्ध थांबते, ही गोष्ट मला फार मोठी वाटली होती.

सरांनी विचारले, "युद्धविराम १९८५ चा आणि करार १९९२ चा. मधली सात वर्षे माणसे मरतच होती. सुदानचा करार तर २००५ चा. मग लसीने शांतता आणली, हे कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. एल साल्वादोरमध्ये करार झाला तो शीतयुद्ध संपल्यामुळे, १९८९ च्या मोठ्या चढाईनंतर कोणालाच निर्णायक विजय मिळणार नाही हे उमगल्यामुळे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या मध्यस्थीमुळे. माझा मुद्दा कोसळला.

उत्तर सुचले ते घरी. माझी आई आशा सेविका आहे. पोलिओच्या रविवारी केंद्रावर न आलेल्या मुलांसाठी पुढचे दिवस ती लसीची पेटी खांद्याला लावून घरोघर हिंडते. एका घराने अफवेपायी तिला तीनदा दारातून परत पाठवले. ती वाद घालीत बसली नाही. चौथ्यांदा गेली, ओसरीवर बसली, पाणी प्याली. त्या दिवशी घरातल्या सुनेने मूल स्वतः पुढे केले आणि त्याच्या करंगळीवर शाईची खूण उमटली. मी आईला विचारले, "तू त्यांना काय सांगितलेस?" ती म्हणाली, "काही नाही. पेटी उघडून दाखवली. आत औषधाशिवाय काही नव्हते."

त्या घरचा संशय अफवेतून आलेला होता. पण संशयाला खरेच कारण मिळाले तर काय होते, हे पाकिस्तानात दिसले. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा निश्चित करण्यासाठी अमेरिकी गुप्तहेर खात्याने अबोटाबाद येथे कावीळ-ब या रोगाच्या लसीकरणाची बतावणी केली. २०११ मध्ये ते उघडकीस आले. २०१२ च्या जूनमध्ये वझिरिस्तानात पोलिओच्या लसीवर बंदी आली आणि डिसेंबरात लस पाजणाऱ्या स्त्रियांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हेरगिरीसाठी लसीकरणाचा वापर पुन्हा करणार नाही, असे अमेरिकेने २०१४ मध्ये जाहीर केले. पण गेलेले प्राण आणि गेलेला विश्वास परत आला नाही.

तेव्हा सरांना माझे उत्तर असे: लस शांतता आणीत नाही आणि तिच्यावर ते ओझे घालूही नये. पेटीत औषधाबरोबर दुसरा हेतू ठेवला, मग तो शांततेइतका थोर का असेना, की दार बंद होते. एल साल्वादोरच्या त्या तीन रविवारांनी युद्ध संपवले नाही. पण परस्परांचे वैरीसुद्धा दिलेला शब्द संध्याकाळपर्यंत पाळू शकतात, एवढे दाखवले. आणि ज्या मुलाला त्या दिवशी लस मिळाली, त्याच्यापुरते ते पुरेसे होते.

विषय पुन्हा निघाला तर या वेळी मी प्रतिकूल बाजूने बोलेन. आईची पेटी मात्र सोबत नेईन.

— तृतीय वर्ष, कला (राज्यशास्त्र)