सुपरबाइक की वेगवान मोटार?

प्रश्न : सुपरबाइकची ताकद स्पोर्ट्‌स कारपेक्षा पुष्कळ कमी असूनही तिच्यावर वेग अधिक का जाणवतो, आणि खरोखर वेगवान कोण?

उत्तर : येथे निव्वळ ताकदीपेक्षा तिचे वजनाशी असलेले गुणोत्तर पाहावे लागते. २०२१च्या सुझुकी हायाबुसाचे १३४० सीसीचे इंजिन १९० पीएस ताकद देते व गाडीचे वजन २६६ किलो आहे; ७५ किलोचा चालक धरला तरी टनामागे सुमारे ५५५ पीएस पडतात, तर ६५० पीएसच्या पोर्शे ९११ टर्बो एसमध्ये चालकासह ३८०च्या आसपास. असे असूनही ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठताना पोर्शेच सहसा पुढे राहते, कारण दुचाकीचा गुरुत्वमध्य उंच आणि दोन चाकांमधील अंतर कमी असल्याने थ्रॉटल जास्त पिळताच पुढचे चाक उचलले जाते.

अनुभवातील खरा फरक मात्र वळणावर कळतो. मोटारीत वळणाचा जोर चालकाला बाजूला ढकलतो. दुचाकी आत कलत असल्याने तोच जोर त्याला आसनावर दाबतो. डावीकडे वळताना हँडलची डावी मूठ पुढे रेटावी लागते, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळते आणि त्यामुळेच गाडी डावीकडे कलते; याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात, आणि नवख्याला ते विचित्र वाटले तरी साधी सायकल चालवणाराही नकळत हेच करीत असतो. शिवाय टायरची पकड वळण आणि ब्रेक यांत वाटली जाते, त्यामुळे ऐन वळणावर ब्रेक जोरात दाबणे मोटारीत बहुधा निभावते, दुचाकीवर क्वचितच. ओल्या रस्त्यावर तर मोटारच वेगवान, यात वाद नाही.