भरतीचा हिशेब

पावसाळ्यात कोकणचा समुद्र खवळलेला असतो. आश्विन-कार्तिकात तो हळूहळू निवळतो, आणि मार्गशीर्ष-पौष उजाडला की किनाऱ्यावरील सहलींना बहर येतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दुपारी समुद्रावरून खारे वारे गावाकडे येतात. ऊन कोवळे, आकाश स्वच्छ आणि लाटा लहान असतात. परंतु असा शांत समुद्रही आपली वेळ कधी चुकवीत नाही, ही गोष्ट मी लहानपणी एका सहलीत शिकलो.

आमची शाळा पेणची. पौष महिन्यात अलिबागचा कुलाबा किल्ला पाहावयाचे ठरले. भर समुद्रातील या किल्ल्यास ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. भरतीच्या वेळी मात्र त्याच्या चोहोबाजूंनी पाणी असते. सहलीच्या आदल्या दिवशी गुरुजी वर्गात पंचांग घेऊन आले. आम्हांस मोठे नवल वाटले. गुरुजी म्हणाले, "मुलांनो, चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. त्याच्या ओढीने समुद्रास भरती येते. म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेस आणि अमावास्येस बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते. पुढे प्रत्येक तिथीस पाऊण तास मिळवावा, असा आपल्या कोळीबांधवांचा ठोकताळा आहे. उद्या चतुर्थी. चार पाऊण किती?"

"तीन!" आम्ही एकदम ओरडलो.

"म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास भरती. तेथून सहा तासांहून थोडा अधिक काळ गेला की ओहोटी. नऊच्या सुमारास वाट मोकळी असेल. दहा वाजता आपण परत निघालेच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मोटारीने निघालो. रोह्याहून सुट्टीसाठी आलेला माझा आतेभाऊही बरोबर होता. पेणहून वडखळकडे जाताना दोन्ही बाजूंस खारेपाटातील भातखाचरे व मिठागरे दिसत होती. या शेतांचे रक्षण मातीचे बांध करतात. उधाणाच्या पाण्याने बांधास खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि भाताचे पीक हातचे जाते. म्हणून येथील शेतकऱ्यास पावसाइतकीच भरतीचीही चिंता असते. धरमतरच्या पुलावरून पाहिले तेव्हा खाडीचे पाणी समुद्राकडे ओसरत होते. गुरुजींचा हिशेब बरोबर होता!

सव्वाआठच्या सुमारास आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर उतरलो. समोर ओली पुळण लांबवर पसरली होती. पाण्याच्या कडेला कुरव पक्ष्यांचे थवे बसले होते. यांतील काही जातींचे कुरव तिबेटच्या उंच पठारावरील सरोवरांकाठी अंडी घालतात आणि थंडीत आपल्या किनाऱ्यावर येतात. वाळूवरील शंख-शिंपले वेचीत आम्ही किल्ल्यात पोहोचलो.

शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याची उभारणी सुरू करविली. पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे मोठे ठाणे झाला. तटाचे प्रचंड चिरे चुना न भरता एकावर एक रचलेले आहेत. लाटांचे पाणी त्यांच्या फटींत शिरते, त्यामुळे लाटांचा जोर मोडतो. चहूकडे खारा समुद्र, आणि आत मात्र गोड पाण्याची विहीर! १७५९ साली राघोजी आंग्रे यांनी बांधविलेले गणपतीचे मंदिर पाहून आम्ही तटावरील तोफांपाशी गेलो.

दहा वाजले. गुरुजींनी शिटी वाजविली. आतेभाऊ म्हणाला, "गुरुजी, समुद्र तर अजून कितीतरी दूर आहे! मी रोह्यास कुंडलिकेची भरती रोज पाहतो. पाणी काही धावत येत नाही." इतर मुलांनीही त्याचीच री ओढली. गुरुजींनी उत्तर दिले नाही. ते मुले मोजू लागले. दोघे कमी भरले. ते विहिरीपाशी रेंगाळले होते. त्यांना शोधून आणण्यात अर्धा तास गेला.

आम्ही दरवाजाबाहेर आलो आणि थबकलो. आमच्या पाठीमागे, पश्चिमेस, समुद्र अजून लांबच दिसत होता. परंतु किल्ला आणि किनारा यांमधील सखल भागात दोन्ही बाजूंनी पाणी शिरले होते! येताना जी वाळू नुसती ओली होती, तेथे आता घोट्याएवढे पाणी वाहत होते. गुरुजींनी आम्हांस एकमेकांचे हात धरावयास लावले. लहान मुले मध्ये, मोठी कडेला. मध्यावर पाणी गुडघ्यास लागले. कोणी बोलत नव्हते. आतेभावाने माझा हात घट्ट धरला होता. किनारा लागला तेव्हा कोठे जिवात जीव आला.

किनाऱ्यावर जाळे विणीत बसलेले एक वृद्ध तांडेल म्हणाले, "पोरांनो, भरती समोरून येते असं समजू नका. सखल जागा ती आधी भरते. ती तुमच्या पाठीमागंसुद्धा असू शकते." गुरुजींनी त्यांस नमस्कार केला आणि आम्हांस म्हणाले, "आज अर्ध्या तासाची चूक झाली. मुले आधीच मोजावयास हवी होती. ती चूक माझी."

पुढे मोठेपणी वाचले, तेव्हा कळले की अशा वाटा परदेशांतही आहेत. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात सेंट मायकल्स माउंट नावाचे बेट आहे; ओहोटीच्या वेळी दगडी वाटेने तेथे चालत जाता येते. तेथील डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि हवा थंड. तरीही लोक हिवाळ्यात समुद्रकिनारी फिरावयास जातात, ते भरतीचे वेळापत्रक पाहूनच. त्याच देशात मोरकंब उपसागराच्या वाळूवर ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपल्या गोळा करणारे मजूर भरतीत सापडले, आणि त्यांतील किमान २१ जणांचा अंत झाला. ते परदेशातून पोटासाठी आलेले होते. ते वाचताना मला आमची ती हातांची साखळी आठवली.

त्या संध्याकाळी आम्ही पेणला परतलो. एका मित्राच्या शेतावर पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि बटाटे भरून, ते पालथे घालून, भोवती पेंढा पेटविला होता. गरम शेंगा सोलीत आम्ही शेकोटीभोवती बसलो. पश्चिमेस चतुर्थीची चंद्रकोर दिसत होती. आतेभाऊ बराच वेळ तिच्याकडे पाहत होता. मग त्याने हळूच विचारले, "उद्या पंचमी. पाच पाऊण पावणेचार, नाही का?"

गुरुजी हसले आणि त्यांनी त्याच्या ओंजळीत शेंगा घातल्या.

शब्दार्थ
पुळण – समुद्रकाठची वाळू. उधाण – अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती. खांड – बांधास पडलेले भगदाड. तांडेल – होडीचा प्रमुख.

स्वाध्याय
१. गुरुजींनी सहलीच्या आदल्या दिवशी पंचांग का आणले?
२. समुद्र दूर दिसत असूनही वाटेवर पाणी कसे आले?
३. गुरुजींनी आपली चूक मुलांसमोर मान्य केली. तुम्हांस हे योग्य वाटते का? का?
४. पंचांग पाहून आजच्या भरतीची अंदाजे वेळ काढा.