उभी गाडी बंद का पडते?

आपल्या परभणी जिल्ह्यात गावोगाव मोटारसायकल आली आहे. दुधाचे कॅन, खताची गोणी, बाजाराचा माल, सारे तिच्यावर जाते. रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे झाले, तर तीच कामी येते. अशी गाडी रेल्वे फाटकापाशी थांबताच बंद पडू लागली, म्हणजे जीव टांगणीला लागतो.

हे दुखणे मोठे लबाड असते. सकाळी होते, दुपारी होत नाही. गॅरेजात नेली, की गाडी शहाण्या पोरासारखी चालते! मग मिस्त्री अंदाजाने स्क्रू पिळतो, नाही तर नवा कार्बोरेटर घाला म्हणतो. पैसे जातात, दुखणे राहते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होते.

गाडी उभी असते तेव्हा आपण मूठ पिळत नाही. इंजिन हळू चालते. याला मिस्त्री लोक 'स्लो' म्हणतात. शंभर सी.सी.च्या गाडीत तेव्हाही इंजिन मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते. त्या वेळी पेट्रोल एका अगदी बारीक छिद्रातून येते. त्यात कचऱ्याचा कण अडकला, की इंजिन उपाशी राहते. मूठ पिळली, की पेट्रोल दुसऱ्या मोठ्या वाटेने येते. म्हणून धावताना गाडी ठीक वाटते.

आता तुम्हांला लिहिता येते. तेव्हा एक लहान वही करा. गाडी बंद पडली, की तारीख लिहा. इंजिन थंड होते की तापलेले? पाऊस होता काय? टाकीत पेट्रोल किती होते? आठ दिवसांनी वही वाचा. वहीच पुष्कळ सांगेल.

१. हँडल वळवताच आवाज चढतो काय? मग मुठीची केबल ताणली जाते.

२. इंजिन तापल्यावरही चोक ओढल्याशिवाय गाडी टिकत नाही काय? मग बारीक छिद्र तुंबले असेल, किंवा कार्बोरेटरच्या रबरी जोडातून हवा शिरत असेल.

३. थोडे अंतर जाऊन बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडले की चालू होते काय? मग झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे.

४. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच बंद पडते काय? प्लगची टोपी पुसून घट्ट बसवा. पेट्रोलमध्ये पाणी गेले का, तेही पाहा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून पेट्रोल महिनोन् महिने साठवू नये.

५. प्लग काढून रंग पाहा. विटकरी असेल तर ठीक. काळी काजळी असेल, तर एअर फिल्टर धुळीने भरला असेल. पांढराफटक असेल, तर पेट्रोल कमी पडते.

६. फक्त तापल्यावर बंद पडते काय? टॅपेट जास्त कसलेले असतील. इंजिन थंड असताना मिस्त्रीकडून तपासून घ्या.

आमचे सांगणे एवढेच, की एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. स्लोचा स्क्रू सर्वांत शेवटी. किती पिळला तेही वहीत लिहा. नुसता स्लो वाढवला, तर दुखणे झाकले जाते आणि पेट्रोल जास्त जळते.

एप्रिल २०२० पासूनच्या नव्या गाड्यांत बहुधा कार्बोरेटर नसतो. तेथे पिवळा दिवा लागून राहिला, तर स्वतः खोलू नका. जाणत्याकडे न्या.

बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. माणूस बसल्या जागी मरतो. पेट्रोलजवळ बिडी-काडी नको, हे सांगायला नकोच.

प्रश्न
१. धावणारी गाडी ठीक, पण उभी गाडी बंद पडते. असे का होते?
२. प्लग काळा दिसला, तर काय तपासाल?
३. तुमच्या गाडीच्या वहीचे पहिले पान लिहून दाखवा.