तोट्यातला शेअर आणि मुद्दलाची ओढ

तोट्यातला शेअर वेळीच काढावा आणि नफ्यातला राहू द्यावा, हे बाजारात सर्वांना ठाऊक असते. वागणे मात्र नेमके उलटे होते. संशोधक शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये ही प्रवृत्ती मांडली. टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील एका दलाली पेढीची दहा हजार खाती तपासली, तेव्हा घाईने विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात जपून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरस ठरलेले दिसले.

वारणानगरच्या परिसरात या प्रवृत्तीला जुन्या सवयीचीही जोड मिळते. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्यामुळे इथल्या शेतकरी घरांना आधी ओळख झाली ती कारखान्याच्या शेअरची. त्याला रोजचा भाव नसतो, लाभांशावर कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा असते. त्याचे मोल ऊस गाळपाला जाण्यात आणि सभासदाच्या साखरेत. तो विकायचा नसतो, मुलांच्या नावे करायचा असतो. डीमॅट खात्यातला शेअर त्याच मायेने सांभाळला की घात होतो. खोडवा विरळ फुटला तर लागणीचा खर्च आठवून कोणी तो राखत नाही, सरळ मोडतो; शेअरच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी ‘मुद्दल निघाले की विकू’ म्हणत बसतो.

येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. ६ मार्च २०२० रोजी तो ६ रुपयांखाली गेला. वाटेत ‘स्वस्त झाला’ म्हणून सरासरी खाली आणणाऱ्यांचे अधिक गेले. पुढे बँकेच्या पुनर्रचनेत १०० पेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवण्यात आले. तोटा जितका मोठा तितका तो भरून येणे अवघड: २० टक्के तोटा भरून यायला २५ टक्के वाढ पुरते, ५० टक्क्यांना दुप्पट भाव लागतो.

म्हणून बाहेर पडण्याचा भाव खरेदीआधीच ठरवावा. एकदा शेअर हाती आला की डोके वकिली करू लागते. भांडवल दोन लाख आणि एका सौद्यात एक टक्काच गमवायची तयारी असेल, तर ४०० ला घेऊन ३६० ला सोडायचा शेअर ५० पेक्षा जास्त घेऊ नये. साधा स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाला विकण्याचा आदेश) त्या दिवसापुरताच असतो, जीटीटी (तो भाव येईपर्यंत राहणारी ऑर्डर) टिकते. खालचे सर्किट (दिवसातील घसरणीची मर्यादा) लागले तर घेणाराच नसतो आणि दोन्ही निरुपयोगी ठरतात. संख्या मर्यादित ठेवण्याचे खरे कारण हेच.

भाव चढेल तसा स्टॉपलॉस वर सरकवावा, पण नफा दिसला म्हणून विकू नये. गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला यांनी टायटनचा शेअर जवळपास वीस वर्षे ठेवला. हे उदाहरण ऐकून अनेक जण पडलेला शेअरही धरून ठेवतात. टायटनचा धंदा वाढत होता, हे सोयीस्कर विसरले जाते.

तोटा नोंदवला तर करात उपयोग होतो. अल्पमुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घमुदतीचा फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून. उरलेला आठ वर्षे पुढे नेता येतो, मात्र त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते.