सुई टोचली, नोंद झाली का?

इस्पितळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर आणि रोगी येतात. परंतु आपल्या समाजातील अनेक घरांची चूल ज्यांच्या पगारावर पेटते ते वॉर्डबॉय, आया, परिचारिका आणि सफाई कामगार सहसा आठवत नाहीत. रोग्याची सेवा करणारा हा माणूस स्वतः जखमी होतो तेव्हा काय घडते, हे येथे पाहावयाचे आहे.

आमच्या नात्यातील एक भगिनी एका इस्पितळात कंत्राटी सफाईकाम करीत. कचऱ्याची पिशवी उचलताना त्यांना सुई टोचली. त्यांनी बोट तोंडात धरले, चिंधी बांधली आणि पाळी पूर्ण केली. मुकादम रागावेल म्हणून कोणास सांगितले नाही. काही महिन्यांनी कावीळ झाली. सुई केव्हा, कोठे टोचली याचा कागद नव्हता. मग भरपाई मागावयाची कशाच्या आधारावर? आम्ही पडलो बँकेतले कारकून. जी रक्कम खातेवहीत चढली नाही ती जमाच नाही, हे आम्हास रोज दिसते. येथेही तेच झाले.

सुई टोचताच जागा साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये, स्पिरिट चोळू नये. लगेच अपघात विभागात जावे. रोग्यास 'ब' कावीळ असेल आणि कर्मचाऱ्याने लस घेतलेली नसेल, तर शंभरात सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीचे प्रमाण हजारात तीनच्या आसपास आहे. म्हणजे ज्याची भीती मोठी त्याचा धोका लहान, आणि ज्यावर लस आहे तिकडे दुर्लक्ष! या लसीच्या मात्रा तीन: पहिली, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना ही लस व धनुर्वाताची लस देणे इस्पितळास बंधनकारक आहे.

एचआयव्हीचा संशय असल्यास प्रतिबंधक गोळ्या शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. त्यांनी मळमळ, डोकेदुखी, थकवा येऊ शकतो, म्हणून कित्येकजण मध्येच सोडून देतात. तसे करू नये. डॉक्टरांना सांगितल्यास ते औषध बदलतात. मात्र त्रासाकडे दुर्लक्षही नको. अशाच प्रतिबंधासाठी नेव्हिरॅपिन घेतलेल्या अमेरिकेतील एका आरोग्य कर्मचारी महिलेस यकृत बदलावे लागले. २००१ मध्ये ही बाब प्रसिद्ध झाली आणि या कामासाठी ते औषध टाळावे असे सांगण्यात आले.

आता हक्काविषयी. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने आरोग्यसेवेतील संसर्गजन्य रोगास व्यवसायजन्य रोग मानले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. कंत्राटदाराच्या कामगाराची जबाबदारी मूळ मालकावरही येते. पण दावा उभा राहतो तो कागदावर. म्हणून त्याच दिवशी तारीख, वेळ, वॉर्ड व साक्षीदार लिहून अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी, आणि त्या वेळच्या रक्ततपासणीचा अहवाल जपून ठेवावा. पुढे रोग निघाला तर तो आधी नव्हता हे त्या अहवालावरूनच दाखविता येते. मुकादम पोच देत नसेल तर अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. अर्ज लिहिण्याची अडचण असणाऱ्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात यावे; आम्ही तेथे असतो.