कोंबडीला कोरडं, बदकाला ओलं

बाय, परसात कोंबड्या आणि बदकं जोडीनं पाळायचं तुझ्या मनात आलंय, तर आधी एक गोष्ट गाठीला बांध: कोंबडीला कोरडं हवं आणि बदकाला ओलं. मी पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बहुतेक याच एका वाक्यातून निघतं. आपल्या कोकणात चार महिने पाऊस. त्या दिवसांत खुराड्यात कोरडी जागा उरली नाही, तर कोंबड्या गणपतीपर्यंत धड राहणं कठीण. म्हणून दोघांचं परस एक असू दे, घर मात्र वेगळं ठेव.

खुराडं जमिनीपासून हात-दीड हात उंच, चिऱ्याच्या जोत्यावर बांध. कोंबडीमागे दीड ते दोन चौरस फूट जागा धर. झड ज्या बाजूनं येते ती बाजू बंद ठेव आणि वळचण चांगली पुढे काढ. पण चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळू नकोस. कोंबडीला गारव्यापेक्षा कोंडलेली हवा जास्त बाधते. वरच्या बाजूला जाळीची फट राहू दे. सकाळी दार उघडल्यावर आत डोकं घाल. डोळे चुरचुरले, तर विष्ठेचा वायू साचलाय असं समज आणि खालचा भाताचा तूस त्याच दिवशी बदल. एरवी तो तूस चार बोटं जाड अंथरून आठवड्यातून दोनदा खालवर केला की पुरे. कोंबड्यांना बसायला आडवा बांबू लाव, कारण उंचावर बसल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. बदक मात्र जमिनीवरच झोपतं. त्याला बांबू नको, कोरडा पेंढा दे आणि तो रोज बघ, कारण बदक जिथं बसेल तिथं ओल करतं.

बदकांना तळं लागतं हा समज मनातून काढून टाक. त्यांना चोच, नाकपुड्या आणि डोळे बुडवून धुता येतील एवढं खोल पाणी लागतं. रोज ताजं भरलेलं मोठं घमेलं चालतं. हे त्यांना धुता आले नाहीत, तर डोळे चिकटतात आणि नाक चोंदतं. हे घमेलं कोंबड्यांच्या पाण्यापासून लांब ठेव. बदकं पाण्यात चिखल आणि घाण कालवतात, तेच पाणी कोंबड्या प्यायल्या की जुलाब लागलेच. संध्याकाळी ते गढूळ पाणी माडाच्या आळ्यात किंवा केळीच्या बुंध्याशी ओत. झाडाला त्याहून चांगलं पाणी मिळायचं नाही.

परसातली कामंही दोघांची वेगळी. कोंबडी उकरते. वाळवी, हुमणी, पाल्याखालचे किडे ती वेचून खाते, पण कोवळ्या रोपाची मुळंही उघडी पाडते. म्हणून लहान रोपांभोवती दगड लाव आणि भाजीच्या वाफ्याला झावळ्यांचं कुंपण घाल. बदक उकरत नाही. पावसाळ्यात वाफ्यावर गोगलगायींचा सुळसुळाट होतो, तेव्हा भाजी जून झालेल्या वाफ्यात बदकं सोड, दोन सकाळींत वाफा साफ करतील. कोवळ्या पालेभाजीत मात्र सोडू नकोस, पाला खातात आणि उरलेला तुडवतात. आंब्या-काजूवर औषध मारलं असेल, तर काही दिवस कुणालाच बाहेर काढू नकोस. उंदराचं औषध तर परसात ठेवूच नकोस. आणखी एक, छप्पर किंवा कुंपण दुरुस्त केलं की खिळे, तारेचे तुकडे वेचून घे. चकाकणारं काहीही बदक गिळतं आणि ते त्याच्या जिवावर बेततं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोंबड्यांचा खरा वैरी घार नाही की मुंगूस नाही, मानमोडी आहे. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. कोंबडी घशातून आवाज करत श्वास घेते, हिरवट-पांढरी हगवण लागते, मान पिळल्यासारखी वाकडी होते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. एकदा आली की तिच्यावर औषध नाही, असते ती आधीची लस. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, चार आठवड्यांनी पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला आर-टू-बीचं इंजेक्शन. देवीची लसही डॉक्टरांना विचारून घे. बदकांच्या प्लेगची लस वेगळी असते, ती कोंबड्यांच्या लसीत येत नाही. आर-टू-बीच्या इंजेक्शनाआधी आठवडाभर जंताचं औषध पाज, आणि कुठलीही लस धडधाकट पक्ष्यालाच, उन्हं उतरल्यावर दे.

इथं एक अडचण येते. लसीची बाटली शंभर-शंभर पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. तुझ्या सहा कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? म्हणून वाडीतल्या सगळ्या घरांनी एकच दिवस ठरवा. दवाखान्यातून लस बर्फातच आणा, वाटेत तापली तर ती टोचली काय नि न टोचली काय, सारखंच. शिवाय शेजारच्यांच्या कोंबड्या लसीविना राहिल्या, तर रोग कुंपण बघून थांबत नाही. वाडी राखली तर आपलं खुराडं राहतं.

आठवडा बाजारातून आणलेला पक्षी निदान पंधरा दिवस वेगळा ठेव. त्याचं दाणापाणी आपल्या पक्ष्यांनंतर कर, आधी नको. एकाच वेळी बरेच पक्षी मेले, तर ते वहाळात टाकू नकोस आणि कुणाला फुकट देऊ नकोस, सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव, तो बर्ड फ्लूही असू शकतो. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ आली. बदक हा रोग अंगात घेऊनही वरून ठणठणीत दिसू शकतं. म्हणून बदकं पाळणाऱ्यानं तर डोळ्यांत तेल घालून राहावं.

दाण्याचं ऐक. तांदळाची कणी, कोंडा, घरातलं उरलंसुरलं, परसातले किडे एवढ्यावर गावठी कोंबडी जगते. वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते आणि मग खुडुक होते. जास्त अंडी हवी असतील, तर वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती आण, पण त्यांना खाद्यही घालावं लागेल. सुकटीचा चुरा चांगला, पण आधी पाण्यात भिजवून मीठ काढून घे. खारट खाणं पिल्लांचा घात करतं. खाडीतल्या कालवांचे शिंपले भाजून कुट आणि वेगळ्या करवंटीत ठेव. लागेल तेवढं कोंबडी आपणहून खाते आणि अंड्याचं कवच टणक होतं. बदकाला कोरडं पीठ घालू नकोस, घशात अडकतं. भिजवून दे आणि शेजारी पाणी ठेव. दाणा तिथं पाणी, हा त्याचा नियमच आहे.

पावसाळ्यात पेंडीला, मक्याला बुरशी धरते. अशा बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि बदकाच्या पिल्लाइतकं नाजूक त्या बाबतीत दुसरं काही नाही. वास आला, गुठळ्या दिसल्या, की ते खाद्य कितीही महाग असलं तरी कुणालाच घालू नकोस, खड्ड्यात पुर.

पिल्लांसाठी दोन तरी गावठी कोंबड्या राख. सुधारित जातीची कोंबडी सहसा उबवायला बसत नाही, खाकी कॅम्पबेल बदकीही बसत नाही. गावठी खुडुक झाली की तिला रात्री अंड्यांवर बसव, रात्रीची बसलेली उठत नाही. आठवड्याच्या आतली ताजी अंडीच घे. कोंबडीची असतील तर दहा-बारा, बदकाची असतील तर सहा-सात. सगळी एकाच दिवशी ठेव. कोंबडीचं पिल्लू 21 दिवसांनी बाहेर येतं, बदकाचं 28 दिवसांनी. दोन्ही एकत्र ठेवलीस, तर आधीची पिल्लं निघाल्यावर कोंबडी उठून जाते आणि बदकाची अंडी गारठतात. सातव्या रात्री एकेक अंडं बॅटरीसमोर धरून बघ. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, नुसतं स्वच्छ दिसलं तर ते अंडं फुकट.

आईविना पिल्लं आणलीस, तर पहिल्या आठवड्यात 35 अंशांची ऊब दे आणि मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी कर. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, चोची उघडून लांब पळाली तर उकडतंय, सगळीकडे पांगून टिपत असली तर बरोबर. बदकाच्या पिल्लांना पहिले काही आठवडे पोहायला सोडू नकोस, आईविना वाढणाऱ्या पिल्लाची लव भिजते आणि ते गारठून मरतं. ती पाय ओढत चालू लागली, तर बी जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. डॉक्टरांकडून औषध आण.

नरांचा हिशेब चुकवू नकोस. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा आणि पाच-सहा बदकींना एक नर. नुसती अंडी खायची असतील, तर नर नसला तरी अंडी मिळतातच. बदकांत नर जास्त झाले की ते कोंबड्यांच्या मागे लागून त्यांना जखमी करतात. शेपटीवर वर वळलेलं पीस दिसतं तो नर, आणि मोठ्यानं ओरडते ती मादी.

तिन्हीसांजेला कोंबड्या आपोआप खुराड्यात शिरतात, बदकं शिरत नाहीत. पहिल्या दिवसापासून रोज त्याच वेळी, त्याच हाकेनं, आतच दाणा घालून त्यांना सवय लाव. दाराला कडी हवी, नुसती दोरी नको. जाळी अर्ध्या इंचाची घे आणि हातभर जमिनीत गाड, कारण मुंगूस खालून उकरून येतं. सकाळी कोंबड्या उजाडताच सोड, बदकांना मात्र नऊपर्यंत आत ठेव. त्यांची अंडी बहुतेक पहाटेच पडतात, लवकर सोडलीस तर ती कुठल्या तरी झुडपात घालून येतील. अंडी साठवायची असतील, तर धुऊ नकोस, वरचा पातळ थर धुतला की ती लवकर नासतात. मळलेली कोरड्या फडक्यानं पुस. बदकाचं अंडं नेहमी पूर्ण शिजवूनच खा, अर्धंकच्चं पोरांना देऊ नकोस. विष्ठेचं खतही ताजं घालू नकोस, झाड जळतं. काही महिने कुजवून मग घाल.

एवढं सगळं एकदम करायला जाऊ नकोस. पाऊस सरला, दसरा झाला की सहा तलंगा आणि एक कोंबडा आण. त्यांचा एक पावसाळा कोरडा काढून दाखव, मगच पुढच्या दसऱ्याला बदकं आण. आणि पहिला पक्षी दारात यायच्या आधी दवाखान्यात जाऊन लसीचा वार विचारून ये. खुराडं नंतरही बांधता येईल, लस नंतर देऊन उपयोग नाही.