मोजणीच्या आधीची न्याहारी

आजचं वाचन : योहान २१:१-१४



आजचा उतारा आपल्या ओळखीचा आहे. पुनरुत्थानानंतर सात शिष्य तिबिर्याच्या समुद्रावर मासे धरायला जातात. रात्रभर जाळं टाकतात, हाती काहीच लागत नाही. पहाट होते आणि येशू किनाऱ्यावर उभा असतो.

हा उतारा वाचला की मला एक सेवा आठवते, जिच्याबद्दल आपल्या मंडळ्यांमध्ये फारसं कोणी बोलत नाही. ती म्हणजे व्यावसायिक सर्फरांमध्ये चॅप्लेन म्हणून केलेली सेवा. चॅप्लेन म्हणजे चर्चच्या इमारतीबाहेर, लोक जिथे असतात तिथे जाऊन त्यांच्यासोबत राहणारा सेवक. दवाखान्यात, तुरुंगात, सैन्यात आणि काही ठिकाणी समुद्रकिनाऱ्यावरसुद्धा! ऑस्ट्रेलियात सिडनीच्या क्रोनुला भागात १९७७ साली ‘ख्रिश्चन सर्फर्स’ ही चळवळ सुरू झाली, ती याच ओढीतून. सर्फर रविवारी चर्चमध्ये येत नाहीत ना? मग आपण लाटांपाशी जाऊ या.

तुम्हाला वाटेल, सर्फरांना कसली आलीय चिंता? निळा समुद्र, ऊन, जगभर प्रवास. पण त्यांचं आयुष्य जवळून बघा. स्पर्धेची एक फेरी साधारण अर्ध्या तासाची. पाच परीक्षक प्रत्येक लाटेला ० ते १० गुण देतात. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण बाजूला काढून उरलेल्या तिघांची सरासरी घेतात, आणि खेळाडूच्या सर्वोत्तम दोन लाटा धरतात. म्हणजे एकूण २० पैकी किती, एवढाच प्रश्न. २०२२ साली तर हंगामाच्या मध्यावरच पुरुषांतले पहिले २२ आणि महिलांतल्या पहिल्या १० ठेवून बाकीच्यांना मुख्य मालिकेतून बाहेर केलं गेलं. घरापासून महिनोन्‌महिने दूर, आणि दर आठवड्याला कोणीतरी तुमची किंमत आकड्यात सांगतंय.

त्यात लाट तुमच्या हातात नाही. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये ताहितीच्या तेआहुपो इथे ब्राझीलच्या गॅब्रिएल मेदिनाला एका लाटेसाठी ९.९० गुण मिळाले. लाटेवरून उसळून, एक बोट आभाळाकडे करून हवेत उभा असलेला त्याचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. तो फोटो टाकताना त्याने फिलिप्पै ४:१३ चा आधार घेतला. काही दिवसांनी उपांत्य फेरी आली आणि समुद्र शांत पडला. चांगल्या लाटाच येईनात. तो हरला आणि पुढे त्याला कांस्यपदक मिळालं. पण त्या वचनाच्या आधीची दोन वचनं वाचा. पौल तिथे जिंकण्याबद्दल बोलतच नाही. भरपूर असलं तरी आणि काहीच नसलं तरी समाधानी राहायला मी शिकलो, असं तो सांगतो. म्हणजे ते वचन ९.९० च्या लाटेइतकंच लाट न आलेल्या दिवसासाठीही आहे.

आणि ज्यांना सगळं मिळालं, त्यांचं काय? हवाईचा अँडी आयर्न्स २००२, २००३ आणि २००४ असा सलग तीन वर्षं जगज्जेता होता. २ नोव्हेंबर २०१० रोजी, आजारी असल्यामुळे स्पर्धा सोडून घरी परतताना, डॅलसच्या एका हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय फक्त ३२. सोबत कोणी असतं तर काय झालं असतं, हे बोलण्याचा मला अधिकार नाही. पण जगाला माहीत असलेला माणूससुद्धा बंद खोलीत किती एकटा असू शकतो, हे मात्र यातून कळतं.

म्हणून चॅप्लेन तिथे हवा. तो प्रशिक्षक नाही, गुण वाढवून देणं त्याचं काम नाही. उद्या आमनेसामने उतरणारे दोघंही त्याच्याकडे प्रार्थनेसाठी येऊ शकतात, तेव्हा तो कोणाच्या विजयासाठी प्रार्थना करणार? तो दोघांच्या जिवासाठी, मनासाठी, घरच्यांसाठी प्रार्थना करतो. कोणी विश्वास ठेवत नसला तरी त्याच्यासाठीही तो असतो. कानावर आलेली गोष्ट तो बाहेर जाऊ देत नाही. प्रसिद्ध माणसासोबत सेल्फी काढून आपली सेवा मिरवत नाही. आणि बराच वेळ तर तो नुसती वाट बघतो, कारण लाटा नसतील तर स्पर्धा दिवसचे दिवस पुढे ढकलली जाते. जिंकलेल्याभोवती कॅमेरे असतात. हरलेला बोर्ड काखेत मारून पाण्याबाहेर येतो, तेव्हा त्याच्याजवळ जाणारं कोणी असतं का?

आता परत योहानाकडे. नववं वचन नीट वाचा. शिष्य किनाऱ्याला लागले तेव्हा कोळशांचा विस्तव आधीच पेटलेला होता, त्यावर मासळी होती आणि भाकरही होती. १५३ माशांची गोष्ट अकराव्या वचनात येते. म्हणजे न्याहारी आधी, मोजणी नंतर! येशूने त्यांना मासे दिले, त्यांच्या कष्टाला मान दिला, त्यातले थोडे आणायलाही सांगितले. पण त्याने विस्तव पेटवला तो त्यांचं जाळं भरलं म्हणून नाही. ते थकले होते, भुकेले होते आणि त्याचे होते, म्हणून. त्याच विस्तवाजवळ त्याला नाकारणारा पेत्रही बसून जेवला.

मित्रांनो, आपल्यालाही रोज गुण मिळतात. अप्रेझलचं रेटिंग, परीक्षेचा पर्सेंटाइल, रीलचे व्ह्यूज. ते खोटे नाहीत, पण प्रभू आपल्याला जेवायला बोलावतो ते आकडे बघून नाही. आणि ज्याने अशी न्याहारी खाल्ली आहे, त्याला दुसऱ्यासाठी किनाऱ्यावर उभं राहता येतं. त्यासाठी चॅप्लेनच व्हायला पाहिजे असं नाही. तुमच्या ऑफिसात, हॉस्टेलवर या आठवड्यात कोणीतरी रिकामं जाळं घेऊन परत येणार आहे. सल्ला नंतर द्या. आधी चहाला बोलवा.

मननासाठी : गेल्या महिन्यात माझ्या ओळखीत कोण हरलं? मी त्याला किंवा तिला फोन केला का?

प्रार्थना : प्रभू येशू, माझं जाळं रिकामं असतानाही तू माझ्यासाठी विस्तव पेटवतोस, म्हणून तुझे आभार. जे किनाऱ्या-किनाऱ्यावर तुझी सेवा करतात त्यांना धीर आणि सोबत दे. मलाही आज एका थकलेल्या माणसाजवळ घेऊन जा. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.